दर्या बंद असतानाची वीण

कोकणच्या किनाऱ्यावरील सहलीची आखणी मराठी घरांत बहुधा भिंतीवरची दिनदर्शिका खाली उतरवून सुरू होते. तांबड्या आकड्यांच्या सुट्ट्या जोडून पाहिल्या जातात, रेल्वेच्या आरक्षणाचा अंदाज घेतला जातो, आणि ज्यांना होडीने थोडे आत समुद्रात जायचे असते त्यांची नजर तारखेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेल्या तिथीकडे वळते. किनाऱ्यावरच्या माणसांचा एक जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ तासांत मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, एकादशीला सव्वाआठच्या सुमारास, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास पाणी पूर्ण चढलेले असते, आणि हा हिशेब दिवसा व रात्री दोन्ही वेळांना लागू पडतो. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात, तर अष्टमीच्या आगेमागे पाण्याची चढउतार कमी असते तेव्हा तिला भांगाची भरती म्हणतात. घड्याळ नसलेल्या पिढ्यांनी चंद्राकडे पाहून बसवलेले हे गणित आजही होडी केव्हा सोडायची आणि कोणत्या खडकाला केव्हा लागायचे हे ठरवण्यास पुरते.

सागरी पक्ष्यांची घरटी पाहायला जाऊ इच्छिणाऱ्याला मात्र सुट्टी आणि तिथी यांच्याखाली आणखी एक पंचांग मांडावे लागते, आणि ते कोणत्याही दिनदर्शिकेत छापलेले नसते. ते विणीचे पंचांग होय. वीण म्हणजे जोडी जमणे, जागा निवडणे, अंडी घालणे, ती उबवणे आणि पिल्लांना उडते करणे हा सगळा काळ. सागरी पक्षी ही संज्ञाही येथे थोडी सैल करून घ्यावी लागते, कारण किनाऱ्यावर दिसणारा प्रत्येक पक्षी सागरी नसतो. चिखलात चोच खुपसणारे तुतवार आणि चिखले पाण्याच्या काठाचे रहिवासी आहेत, तर खरा सागरी पक्षी आयुष्याचा मोठा भाग उघड्या समुद्रावर काढतो, तेथेच खातो, आणि खारे पाणी पिऊन जगतो. त्याच्या डोळ्यांच्या वर असलेल्या ग्रंथी रक्तातले जादा मीठ वेगळे करतात आणि ते मिठाचे पाणी नाकपुड्यांवाटे चोचीच्या टोकापर्यंत ओघळते. समुद्रावर राहण्याची इतकी तयारी शरीरानेच करून ठेवलेली असूनही एका गोष्टीसाठी त्याला जमिनीकडे यावेच लागते, कारण अंडे पाण्यावर ठेवता येत नाही. सागरी पक्ष्यांच्या सगळ्या कथेत जमिनीचा भाग एवढाच असतो, आणि माणसाला त्यांच्याजवळ जाता येण्याची शक्यताही तेवढ्याच काळापुरती निर्माण होते.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर या शक्यतेचे ठिकाण शोधू लागले की बोट सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण भागावर येऊन थांबते. वेंगुर्ले हे सतराव्या शतकात डचांची वखार असलेले बंदर, आणि त्याच्या वायव्येस निवती व भोगवे या गावांसमोर भर समुद्रात काही खडकाळ बेटांचा पुंजका आहे. सागरी नकाशांत त्याला वेंगुर्ला रॉक्स म्हणतात, काही ठिकाणी बर्न्ट आयलंड्स, म्हणजे जळकी बेटे, असेही नाव आढळते, आणि किनाऱ्यावर निवती रॉक हे नाव अधिक चालते. तेथे दीपगृह आहे, कारण उत्तर-दक्षिण जाणाऱ्या जहाजांना हे खडक पूर्वीपासून धोक्याचे होते. स्वच्छ हवेच्या दिवशी भोगव्याच्या सड्यावरून ती बेटे क्षितिजावर गडद ठिपक्यांसारखी दिसतात. वाळूची पुळण अशी तेथे नाही, खडक पाण्यातून सरळ वर आलेले आहेत, आणि लाटेच्या चढउतारात होडी खडकाला लावून पाय ठेवणे हे शांत समुद्रातही तांडेलाच्या कसबावरच अवलंबून असते. परवानग्यांचा भाग वेगळा. तो आधी पत्रव्यवहार करून उरकावा लागतो.

या खडकांवर जे पक्षी विणीसाठी येतात त्यांत सुरय मुख्य आहेत. सुरय हे मराठीत टर्न या कुळातील पक्ष्यांचे नाव. नदीपात्रातल्या वाळूच्या बेटांवर अंडी घालणारा नदी सुरय देशावरच्या लोकांना ओळखीचा असतो, पण वेंगुर्ल्याच्या खडकांवर येणारा सुरय त्याचा समुद्रावरचा भाऊबंद आहे. त्याची पाठ करडी-तपकिरी, पोट पांढरे, शेपटी लांब दुभंगलेली, आणि चोचीपासून डोळ्यातून मागे गेलेली काळी रेघ अशी, की इंग्रजीत त्याला लगाम घातलेला सुरय या अर्थाचे ब्राइडल्ड टर्न हे नाव मिळाले. कपाळावरचा पांढरा पट्टा भुवईसारखा डोळ्याच्या मागेपर्यंत जातो. वजन सव्वाशे ग्रॅमच्या आगेमागे, म्हणजे एका मध्यम पेरूइतके. एवढ्या वजनाचा पक्षी वर्षाचे कित्येक महिने किनारा न पाहता काढतो, पाण्याच्या पृष्ठभागावरून लहान मासे टिपतो, आणि दमला की वाहत आलेल्या ओंडक्यावर, कधी तरंगणाऱ्या कासवाच्या पाठीवरही उतरून बसतो.

त्याची मादी एका विणीत एकच अंडे घालते. घरटे असे बांधलेले नसते. खडकाची कपार, दगडाचा पुढे आलेला ओठ, एखाद्या झुडपाच्या मुळाशी असलेली सावली, एवढे त्याला पुरते. ही निवड विचार करण्यासारखी आहे. याच कुळातला मोठा तुरेवाला सुरय उघड्या खडकावर शेकडोंच्या दाटीत अंडे घालतो, इतक्या जवळ की बसलेल्या पक्ष्याची चोच शेजाऱ्याच्या चोचीपर्यंत पोहोचावी, आणि त्याचे संरक्षण त्या गर्दीतच असते. लगामी सुरय मात्र आडोसा शोधतो. वीण सुरू होते तेव्हा उन्हाळा सरत आलेला असतो आणि काळा खडक तापून निघतो, त्या वेळी कपारीची सावली अंड्याला उन्हापासून वाचवते. उष्ण प्रदेशातल्या अशा पक्ष्यांचे अंड्यावर बसणे पुष्कळदा ऊब देण्यापेक्षा सावली धरण्यासाठी असते, हे थंड देशांतल्या पुस्तकांवर वाढलेल्या वाचकाच्या सहज लक्षात येत नाही. मग पाऊस सुरू होतो, आणि तीच कपार वाऱ्याच्या झोडीपासून आणि लाटांच्या तुषारांपासून अंड्याला सांभाळते. नर आणि मादी आळीपाळीने सुमारे महिनाभर अंडे उबवतात, आणि पिल्लू उडू लागायला पुढे जवळजवळ दोन महिने लागतात. खडकाच्या रंगाचे ते पिल्लू, आई किंवा बाप दूर समुद्रावर गेलेले असताना, कपारीत हालचाल न करता बसून राहते. सगळ्या वर्षाची कमाई त्या एका पिल्लात असते.

मराठीला पक्ष्यांच्या सामूहिक वसतीसाठी शब्द शोधण्याची हौस होती याचे एक सुंदर उदाहरण मारुती चितमपल्ली यांच्या लेखनात सापडते. बगळे-ढोकरींनी एका झाडावर किंवा झाडांच्या समूहावर एकत्र केलेल्या घरट्यांच्या वसतीला त्यांनी सारंगागार म्हटले, आणि तो शब्द वाचणाऱ्यांच्या तोंडी बसला. सुरयांच्या खडकावरच्या वसतीला असा रूढ शब्द मराठीत अजून नाही. कदाचित याचे कारण हेच असावे की बगळ्यांचे झाड गावाच्या मध्यावर उभे असते आणि येताजाता दिसते, तर सुरयांचा खडक त्या मोसमात कोणाच्याच नजरेला पडत नाही. भाषेला जे रोज भेटते त्यालाच ती नाव देते.

न दिसण्याचे कारण म्हणजे पाऊस. मे महिन्याच्या शेवटी कोकणात आगोट येते. आगोट म्हणजे पावसाळ्यापूर्वीची तयारी: सुकी मासळी, मीठ, लाकूडफाटा घरात भरणे, छप्पर शाकारणे, आणि किनाऱ्यावर होड्या भरतीच्या रेषेच्या वर ओढून झावळ्यांनी झाकणे. यांत्रिक नौकांच्या मासेमारीला 1 जून ते 31 जुलै हे 61 दिवस कायद्याने बंदी असते. ही बंदी माशांच्या विणीसाठी घातलेली आहे, आणि त्या काळातल्या समुद्राकडे पाहिल्यावर कायद्याच्या आधीपासून ती का पाळली जात होती हे वेगळे सांगावे लागत नाही. नैऋत्येकडून येणारा वारा लाटांना अडीच-तीन पुरुष उंच करतो, पाणी मातकट होते, क्षितिज नाहीसे होते. किनाऱ्यावरच्या मच्छीमार गाबीत समाजातील जुनी माणसे या काळात दर्या बंद आहे असे म्हणतात. दर्या उघडतो तो नारळी पौर्णिमेला, सोनेरी कागदाने मढवलेला नारळ पाण्यात सोडल्यावर. सुरयांची वीण उन्हाळा सरता सरता सुरू होऊन पावसाळा ओसरेपर्यंत चालते. म्हणजे माणसाच्या पंचांगात जो काळ पुसून टाकलेला आहे, तोच या पक्ष्यांच्या पंचांगात भरगच्च लिहिलेला असतो.

सहलीची आखणी येथे अडते, आणि खरे तर येथेच ती विचारापर्यंत पोहोचते. ज्या दिवसांत खडकावर अंडी आहेत त्या दिवसांत होडी जात नाही, आणि ज्या दिवसांत होडी जाते त्या दिवसांत खडक बहुतेक रिकामे असतात. डिसेंबरात मालवण, तारकर्ली, निवती येथे पर्यटकांच्या होड्या डॉल्फिन दाखवायला निघतात, समुद्र तेव्हा काचेसारखा असतो, आणि एखादा उत्साही तांडेल दुरून ती बेटेही दाखवतो. बेटावर विष्ठेचे जुने पांढरे ओघळ दिसतात आणि त्यावरून मागच्या पावसाळ्यात तेथे काय घडले असेल याचा अंदाज बांधता येतो. पक्षिनिरीक्षणाच्या इतिहासातही ही अडचण नवी नाही. भारतीय पक्षिशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेले अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम 1875 च्या आरंभी लक्षद्वीप आणि पश्चिम किनाऱ्याच्या सफरीवर निघाले, आणि त्या सफरीचा वृत्तांत त्यांनी 1876 साली स्ट्रे फेदर्स या आपल्या नियतकालिकात छापला. जहाज त्यांच्या हाताशी होते, तरी हंगाम समुद्राचा सोयीचा निवडावा लागला. पुढे 1940 च्या दशकाच्या आरंभी पक्षिशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी वेंगुर्ल्याच्या खडकांवरील सुरय आणि पाकोळ्यांविषयी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले. या बेटांविषयी आज जे ठाऊक आहे त्यातला बराच भाग मोजक्या, पुन्हा पुन्हा परतून आलेल्या माणसांच्या टिपणांवर उभा आहे, आणि त्या टिपणांमागे केवढी वाट पाहणे असेल याची कल्पना पाऊसकाळात निवतीच्या किनाऱ्यावर उभे राहिल्याशिवाय येत नाही.

लक्षद्वीपमध्ये कवरत्तीच्या वायव्येस पिट्टी नावाचे असेच एक ओसाड ठिकाण आहे, वाळू आणि प्रवाळाचा एक तुकडा, ज्यावर झाड नाही आणि वस्ती नाही. तेथे काळे सुरय, तुरेवाले सुरय आणि सुरयांच्याच कुळातले नॉडी अंडी घालतात, आणि स्थानिक लोक त्याला पक्षीपिट्टी म्हणतात. नावातच पक्षी आल्याने तेथला मालक कोण हे ठरून गेले आहे. वेंगुर्ल्याच्या खडकांची ओळख मात्र दीपगृहाशी जोडली गेली, आणि पक्ष्यांचा हक्क नोंदवायचा राहून गेला.

पाकोळीची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण ती सागरी पक्षी नव्हे. हवेतल्या हवेत किडे टिपणारा तो चिमुकला काळपट पक्षी दिवसभर किनाऱ्याच्या आणि सह्याद्रीच्या हवेत असतो, पण घरट्यासाठी या खडकांतल्या अंधाऱ्या गुहा निवडतो. गुहेतल्या पूर्ण काळोखात तो टिकटिक असा आवाज काढत उडतो आणि भिंतीवरून परत आलेल्या प्रतिध्वनीवरून आपला मार्ग ओळखतो. बहुतेक वटवाघळांचा असा मार्ग शोधण्याचा आवाज माणसाला ऐकू येत नाही, पाकोळीचा येतो. घरटे ती स्वतःच्या लाळेने खडकाला चिकटवते, त्यात शेवाळ, गवत आणि पिसे मिसळलेली असतात, आणि लाळ वाळली की लहान वाटीच्या आकाराचा कठीण कंगोरा तयार होतो. या कुळातल्या पक्ष्यांची घरटी चीनमध्ये रश्शासाठी मोलाने विकली जातात, आणि हीच गोष्ट वेंगुर्ल्याच्या पाकोळ्यांवर बेतली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी तेथील घरट्यांची चोरी उघडकीस आली, आणि चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने तेथे लक्ष घालून संरक्षणाचे काम उभे केले. पाकोळीची वीण मुख्यतः पावसाळ्यापूर्वी, दर्या उघडा असताना होते. तिच्या गुहेपर्यंत माणूस पोहोचू शकला आणि तिचे नुकसान झाले. सुरयांना बंद समुद्राचा जो आधार मिळाला तो तिला मिळाला नाही. एकाच खडकावर राहणाऱ्या दोन पक्ष्यांच्या नशिबातला हा फरक केवळ महिन्यांच्या फरकाने पडावा, ही गोष्ट सहलीची तारीख ठरवणाऱ्याने मनात ठेवण्यासारखी आहे.

शिवाय चोरी करण्याचा हेतू नसलेला माणूसही वसतीत उतरला की हानी होते. पाऊल पडताच सगळे पक्षी एकदम हवेत उठतात, वर घिरट्या घालत ओरडतात, आणि खाली अंडी उघडी पडतात. तेवढ्या वेळात ऊन त्यांना भाजते, किंवा कावळा-घार त्यांच्यावर उतरते. कपारीत दडलेले पिल्लू घाबरून बाहेर सरकते आणि ओळखीची जागा सोडते. छायाचित्रासाठी घालवलेली पाच मिनिटे पक्ष्याच्या हिशेबात पूर्ण वर्षाइतकी पडू शकतात, कारण वर्षाला अंडे एकच. यामुळे जगभर जेथे सागरी पक्ष्यांची वीण दाखवली जाते तेथे प्रवाशांना दोरीच्या अलीकडे किंवा होडीतच थांबवतात, आणि तो नियम कंटाळवाणा वाटला तरी पक्ष्याच्या बाजूने तो न्याय्य आहे.

उघड्या दर्याच्या दिवसांतही घरटे पाहण्याची ओढ किनाऱ्यावर पूर्ण होऊ शकते, फक्त त्यासाठी बेट सोडून झाडाकडे पाहावे लागते. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड, ज्याला कोकणात काकण म्हणतात, त्याची वीण ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालते. हा पक्षी गावाच्या काठावरचा एखादा जुना आंबा, वड किंवा उंच सुरू निवडतो आणि त्याच्या शेंड्याकडे काटक्यांचा प्रचंड ढीग रचतो. वर्षानुवर्षे त्याच घरट्याची डागडुजी होत राहते, त्यामुळे ते दरसाल थोडे जाड होते आणि लांबून एखादी टोपली झाडात अडकल्यासारखी दिसते. पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत सुमारे 2 मीटर भरतात. त्याच्या आहारात मासे असतात आणि समुद्रसर्पही असतात, त्यामुळे घरट्याच्या झाडाखाली सापांचे अवशेष सापडतात, आणि ज्या गावात असे झाड आहे त्या गावातल्या मुलांना त्याचा पत्ता पक्षिशास्त्राच्या कोणत्याही यादीपेक्षा आधी ठाऊक असतो. जोडी पहाटे झाडावर बसून एकमेकांना मोठ्या, नाकातून आल्यासारख्या आवाजात साद घालते, आणि काकण हे नावही बहुधा त्या आवाजावरूनच पडले असावे. ज्याच्या बागेत ते झाड असते तो माणूस नारळ-सुपारीच्या कामांत ते तोडण्याचा विचार पुढे ढकलत राहतो. अशी झाडे टिकली ती बव्हंशी अशा साध्या सहनशीलतेमुळे, आणि तिचे श्रेय पुस्तकांत फारसे दिले जात नाही.

पावसाळ्यात सुरय माणसाकडे कधी कधी स्वतःच येतात, पण ते येणे सुखाचे नसते. जून-जुलैच्या मोठ्या वादळी वाऱ्यांनंतर मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या पुळणींवर थकलेले, भिजलेले सागरी पक्षी पडलेले आढळतात. त्यांत सुरय असतात, नॉडी असतात, कधी मुखवटाधारी बूबी, तर कधी फ्रिगेट पक्षी असतो, ज्याला समुद्राच्या खोल भागाखेरीज कोठे पाहणे दुर्मीळ. लोक त्यांना टोपलीखाली ठेवतात, वनखात्याला किंवा प्राणिमित्रांना कळवतात, आणि काही पक्षी चार दिवसांत ताकद धरून पुन्हा पाण्याकडे उडतात. त्या दिवसांत किनाऱ्यावर चालणारा माणूस समुद्राच्या आत काय चालले आहे याची एक ओळ वाचतो, तीही फाटलेल्या पानावरची.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या कासव महोत्सवाने मराठी प्रवाशाला वाट पाहण्याची सवय लावली आहे. तेथे लोक वाळूतून कासवांची पिल्ले बाहेर पडतील की नाही याची खात्री नसताना सकाळ-संध्याकाळ पुळणीवर उभे राहतात, दोरीच्या मागे थांबतात, आणि कधी रिकाम्या डोळ्यांनी परततात तरी पुढच्या वर्षी पुन्हा येतात. तीच शिस्त सुरयांच्या बाबतीत एक पायरी पुढे न्यावी लागेल, कारण येथे किनाऱ्यावरून पिल्लू दिसण्याची आशाही धरता येत नाही.

तरी ज्याला जायचेच आहे त्याने एकदा जुलैत जावे. सुट्टीपेक्षा तिथी पाहून, उधाणाचे दिवस निवडून, पाऊणपटीने भरतीची वेळ काढून निवतीच्या किनाऱ्यावर किंवा भोगव्याच्या सड्यावर उभे राहावे. सोबत दुर्बीण, एक छत्री आणि भरपूर वेळ असावा. होडीची चौकशी करू नये, कारण झाकलेल्या होड्यांच्या झावळ्या दर्या उघडल्याखेरीज कोणी काढत नाही. पाऊस थोडा उसंत घेतो आणि समुद्रावरचे ढग फाटतात तेव्हा क्षितिजावर ती बेटे काही क्षण दिसतात. त्यांवरच्या कपारींत त्या वेळी सुरयांची पिल्ले असतात, आणि इतक्या दुरून ती दिसत नाहीत.